मोहाखालची आग

धडगावच्या वरच्या एका पाड्यावर भुरीबाईची मोहाची नऊ झाडं होती. तीन वर्षांपूर्वी वादळात एक पडलं आणि त्याची जागा घ्यायला एखादं रोप उगवलंय का, हे तिनं पाहिलं. एकही नव्हतं. कसं असणार? फुलं वेचायला सोपं जावं म्हणून होळीच्या सुमाराला सगळेच झाडांखालचा पाला जाळतात. तिनंही चाळीस वर्षं जाळला, त्यात कोवळी रोपंही गेली.

"यंदापासून आग लावायची नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग फुलं पाल्यात चाचपडू?" गिरधर वैतागला.

"मी झाडून घेईन. तुला कोण वाकायला सांगतंय?"

आठ झाडांखालचं तिनं झाडलं. पडलेल्या झाडाच्या जागेला हातच लावला नाही. पहिल्या वर्षी तिथं गुडघाभर गवत आलं. दुसऱ्या वर्षी बोरीचं काटेरी झुडूप फोफावलं.

"काय गं, साप पाळलेस का?" जाऊ विचारायची.

आधी गवत, मग झुडूप, मग झाड, शाळेच्या पुस्तकात या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. भुरीबाईचं त्या शब्दावाचून काही अडलं नाही. यंदा त्याच बोरीच्या सावलीत, बकऱ्यांचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी, मोहाचं वीतभर रोप उभं होतं.

तिनं गिरधरला बोलावलं. त्यानं वाकून, काट्यांतून डोकं घालून पाहिलं. मग कानामागची विडी काढली, काडेपेटी चाचपली आणि विडी पेटवायला पार शेताच्या बांधापलीकडे गेला.