चारशे अठरा वाडग्या

नारीन शहरातल्या अध्यापन संस्थेत बुरुलला सगळे भांडखोर म्हणायचे. खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. बुरुल आधी मोजायची, मग भांडायची.

बत्तीस वर्षांची असताना ती चुलतसासऱ्यांच्या मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेली होती. तिथं धाकटी सून समोवारपाशी, म्हणजे तोटीच्या चहाच्या बंबापाशी बसून चहा ओतत होती. बुरुलनं सहज मोजायला घेतलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत चारशे अठरा वाडग्या. त्यातली एकही त्या पोरीच्या पोटात गेली नाही.

“आज काय काय काम केलंस गं?” बुरुलनं विचारलं.

“काही नाही एजे, नुसता चहा दिला,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं एजे म्हणत ती पोरगी म्हणाली.

त्या ‘काही नाही’नं बुरुलच्या डोक्यात तिडीक गेली, ती चौदा वर्षं उतरली नाही. लग्नं, बारशी, मयताची जेवणं, जिथं जाईल तिथं ती वही घेऊन बसायची. सुना किती वेळा उठल्या, किती पाणी वाहिलं, स्वतः कधी जेवल्या. अकरा वह्या भरल्या. नातेवाईक म्हणायचे, हिला आहेरात काय आलं ते लिहायची सवय लागलीय.

आता हे काम धड करायचं तर चार गावांत वर्षभर फिरायला हवं, दोन मदतनीस हवेत. त्यासाठी सरकारी संशोधन अनुदान. आणि सरकारी अनुदान म्हणजे चाळीस पानी अर्ज, ज्यात एक रकाना असतो ‘वैज्ञानिक नावीन्य’. पहिल्यांदा तिनं अर्ज केला तेव्हा समितीचं उत्तर आलं, “विषय सर्वपरिचित, नावीन्य नाही.” तिनं ते पत्र स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला डकवलं. सर्वपरिचित म्हणे! मग आकडा सांगा की. राजधानीतल्या एका तरी विद्वानानं सांगावा, त्याची सून दिवसातून किती वेळा उठते.

दुसऱ्यांदा अनुदान मिळालं, पण ते कुरणांवरच्या मेंढपाळांच्या अभ्यासाला. अर्ज बुरुलनं लिहिला, दोन उन्हाळे डोंगरात ती राहिली, आणि पुस्तकावर नाव आलं संचालकांचं, सादिर आगायचं. आगाय म्हणजे सर. बुरुलचं नाव शेवटच्या पानावर, आभारांच्या यादीत, ड्रायव्हरच्या खाली.

म्हणून यंदा तिनं सुनांच्या कामावरचा अर्ज लिहून आगायच्या टेबलावर ठेवला तेव्हा आधीच सांगितलं, “प्रकल्पप्रमुख मी. तुम्ही फक्त शिक्का मारा.”

“अगं, तूच आहेस ना प्रमुख!” आगाय हसले. “घरातलीच गोष्ट आहे.”

घरातली गोष्ट म्हटलं की बाईनं सावध व्हावं. पण बुरुल त्या दिवशी घाईत होती.

अर्ज भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी मंत्रालयाच्या समितीतली तीन माणसं संस्थेत आली. शिक्का मारायच्या आधी अर्ज बघून सल्ला द्यायचा, असं त्यांचं काम. दोन पुरुष, एक वयस्कर बाई. टेबलावर बोर्सोकचे तळलेले गोळे, मनुका, घोड्याच्या मांसाचे काप मांडलेले. बुरुल आपली अकरावी वही घेऊन बसायला गेली, तर आगाय म्हणाले, “बुरुल, समोवारपाशी बस. बायकांत धाकटी तूच आहेस.”

शेहेचाळीस वर्षांची धाकटी! पण पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून ती बसली. पहिली वाडगी द्यायला हात पुढं केला तेव्हा टेबलावरचा अर्ज दिसला. विषय तिचा, मजकूर तिचा. वरती ‘प्रकल्पप्रमुख’समोर सादिर आगायचं नाव. तिचं नाव शोधावं लागलं. ‘सहायक कर्मचारी’.

तिनं ओतायचं थांबवलं नाही. आमच्याकडे वाडगी अर्धी भरतात. अर्धी म्हणजे बसा, तुम्ही अजून हवे आहात. ती रिकामी झाली की परत अर्धी. पाहुणा जितका मोठा, तितकी वाडगी थोडी आणि यजमानणीच्या उठाबशा जास्त.

आगाय बोलत होते, ते चांगलं बोलतात. वाक्यं बुरुलचीच होती, म्हणून तर कानाला बरी लागत होती. मध्येच बाईंनी विचारलं, “माहिती कशी गोळा करणार? बायकांना विचारून?”

“अर्थात,” आगाय म्हणाले. “प्रश्नावली. आम्ही सुनांना विचारणार, तुम्ही किती काम करता?”

झालं! चौदा वर्षं गेली ती एवढ्याचसाठी, की विचारलं तर सून ‘काही नाही’ म्हणते. तिच्याशेजारी बसून मोजावं लागतं. वीस पानं त्याच्यावरच होती. ह्या माणसानं चोरलेला अर्जसुद्धा वाचला नव्हता.

बुरुलनं समोवारची तोटी सोडली. पहिली वाडगी भरली, काठोकाठ. दुसरी. तिसरी. चारही वाडग्या तिनं एकेकासमोर नेऊन ठेवल्या. बशीत चहा सांडला.

काठोकाठ वाडगी म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होतं. प्या आणि उठा.

“बुरुल!” आगायचा चेहरा बीटासारखा झाला. “पाहुण्यांना हाकलतेस? माफी माग!”

“एकतीस,” बुरुल म्हणाली.

“काय?”

“तासाभरात एकतीस वाडग्या ओतल्या मी. मोजतेय. बाईंनी विचारलं ना माहिती कशी गोळा करतात? अशी. तुमची प्रश्नावली घेऊन आलात तर मी पण म्हणेन, काही नाही आगाय, नुसता चहा दिला.”

“तू उद्यापासून इथं दिसायची नाहीस.”

“दिसेन की. नियमाप्रमाणे तीन नोटिसा द्याव्या लागतात. पहिली लिहा. लिहून देऊ का? एरवी मीच लिहिते.”

समितीतले पुरुष उठले. बाई मात्र बसून राहिल्या. काठोकाठ भरलेली ती वाडगी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, आणि मग उठल्या.

संस्थेचा शिक्का आता मिळणार नव्हता. मुदत उद्या दुपारी चार. पण नियमात लिहिलं होतं, ‘नोंदणी असलेली कोणतीही संस्था’. आगायना हे कलम माहीत नव्हतं, कारण नियम वाचायचं काम बुरुलचं होतं. आणि तिच्या गल्लीत एक नोंदणी असलेली संस्था होती. लोकरीचे गालिचे करणाऱ्या बायकांची. अध्यक्षा, बुरुलची सासू. शिक्का तिच्या डोक्याच्या रुमालाच्या गाठीत.

ह्याच सासूसाठी बुरुलनं पंचवीस वर्षं चहा ओतला होता.

“वाच,” सासू म्हणाली. बुरुल तिला अपा म्हणायची. अर्धा अर्ज ऐकल्यावर तिनं थांबवलं. “ह्या अकराव्या पानावरची सासू, सुनेला जेवताना तीनदा उठवणारी, ती मी?”

“नाव घातलेलं नाही, अपा.”

“नाव घालणार कशी? घेता कुठं येतंय तुला!” म्हातारी खेकसली. “तीनदा नाही, चारदा उठवायचे. आणि माझी सासू मला जेवायलाच बसू द्यायची नाही. तिच्या घरी मी एवढं ओतलं, ते कुणी मोजलं?”

“कुणीच नाही.”

“मग तेही लिही. त्याशिवाय शिक्का नाही.”

“अपा, पानांची मर्यादा आहे!”

“मर्यादा माझ्या सासूला नव्हती.”

बुरुल चिडली, भांडली, आणि आगायची ओळख सांगणारं पान अख्खं काढून तिथं म्हातारीचं घातलं. शिक्का बसला. एक जागा तेवढी कोरी राहिली. ‘संस्थेच्या अध्यक्षांचे नाव’. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. पंचवीस वर्षांत तिनं ते उच्चारलंही नव्हतं, आणि आता लिहायलाही हात धजेना. आगायसमोर तोंड उघडणारी बाई त्या रकान्यापाशी अडली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला दोघी जिल्ह्याच्या कार्यालयात पोचल्या. खिडकीमागच्या कारकुनानं पानं चाळली.

“प्रमुख कोण? आगाय कुठायत?”

“प्रमुख मी. बुरुल एसेनालीएवा.”

“आणि अध्यक्षांचं नाव रिकामं आहे. असा अर्ज घेता येत नाही.”

बुरुलनं मागं पाहिलं. अपा रुमाल सारखा करत उभी होती, जशी फोटोला उभी राहते.

“बघतेस काय?” अपा म्हणाली. “तुझं नाव चोरलं म्हणून एवढी तणतणलीस. माझं काय गिळून ठेवणार आहेस?”

“काकिश,” बुरुल म्हणाली.

“मोठ्यानं. त्याला ऐकू आलं नाही.”

“काकिश ओमुरझाकोवा!”

रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. एक म्हातारा “सून आहे म्हणे!” असं कुजबुजला. बुरुलनं पेन घेतलं, रकाना भरला आणि कारकुनाला म्हणाली, “नोंद क्रमांक द्या. आणि खाली तुमची सही.”