माहा विरोध हाय

ते आधी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, मग चष्मा कपाळावर सरकवत आणि मग हात वर करत. "माहा विरोध हाय."

ढाणकीजवळच्या आमच्या गावात ग्रामसभा म्हटली की हे ठरलेलंच. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, पण सारं गाव ज्यांना काका म्हणायचं, त्यांची बातच न्यारी. सभेआधी चहा आला तर त्यालाही विरोध. "चाय पेल्यावर मानूस कशालेबी हो म्हनते." एकदा पंचायतीनं नळ थेट त्यांच्या दारासमोर बसवायचं काढलं, तर त्यालाही विरोध. "उद्या म्हनान, नळ देला, आता चूप राय." लोक हसायचे. ते मात्र हसत नसत.

राखीव जागेवर मी सरपंच झाले. पहिल्या सभेत खुर्चीवर मी, शेजारी आमचे हे. ठराव हेच वाचत होते, उत्तरंही हेच देत होते. मी पदर सावरत बसले होते. काकांची टोपी गुडघ्यावर आली.

"माहा विरोध हाय."

"ठरावाले का, काका?" यांनी विचारलं.

"तुले. सरपंच बाई हाय, तू कायले बोलून राह्यला? तिले बोलू दे."

यांनी रागानंच कागद माझ्याकडे ढकलला. मी उठले, अडखळत ठराव वाचला. संपला तशी काकांनी पुन्हा हात वर केला. "आता ह्या ठरावालेबी विरोध हाय!"

घरी येऊन मी ढसाढसा रडले. या माणसानं भर गावात माझी शोभा केली, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेच काका दारात हजर. हातात तुरीच्या शेंगा, आणि यांच्याकडे फवारणीचा पंप मागायचा होता! माझा तोल गेला.

"काका, माह्याशी काहून वैर धरलं तुमी?"

त्यांचा चेहराच उतरला. ते ओट्यावर बसले. "वैर? बाई, विरोध तोंडावर असते. वैर पाठीमागं असते. मी तुह्या तोंडावर बोललो का पाठीमागं?" मग म्हणाले, "अन् चाय मांड. इथं काई ठराव नाही."

त्या दिवसापासून चुलीपुढे बसून मी उत्तरं घोकू लागले. भाकरी थापताना मनात काका उभे राहायचे, हात वर करून. बौद्धवाड्यात आधी नळ द्यायचा ठराव मी आणला, तेव्हा अपेक्षेप्रमाणे टोपी निघालीच. "तिथंच पयले काहून?"

"काका, तिथल्या बाया नाल्यापलीकडून पानी आनतात. तुमच्या घरी बोअर हाय."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, टोपी डोक्यावर ठेवली. "माहा विरोध मांग घेतो." गावानं असं कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या सभेला आमचे हे आपणहून मागच्या सतरंजीवर जाऊन बसले. गावासमोर तोंड उघडायला मला त्या माणसानं शिकवलं. त्यांचे उपकार मी कशानं फेडणार होते?

गेल्या हिवाळ्यात काका गेले. परवा ग्रामसभा झाली. आता सरपंच आहे एका घरची नवी सून. तिच्या शेजारी तिचे सासरे बसले होते, आणि ठराव तेच वाचत होते.

"कोनाचा विरोध?" त्यांनी सवयीनं विचारलं. साऱ्यांच्या नजरा लिंबाखालच्या पारावर, काकांच्या नेहमीच्या जागेवर गेल्या. तिथं कुणी नव्हतं.

माझा हात वर गेला. "माहा विरोध हाय. सरपंच ती हाय, तिले बोलू द्या."

पोरगी उठली. सासऱ्यांच्या हातातला कागद घेऊन ती अडखळत वाचू लागली. वाचता वाचता तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे असं रागानं पाहिलं, की मला फार बरं वाटलं.