चुडा भरताना आलेलं पाणी

काचबिंदू मला कधी दुखला नाही. छळलं ते त्याच्या थेंबांनी. थेंब घातले की मिरचीचा हात लागल्यासारखी आग, मग पापण्यांखाली वाळू, आणि दिवसभर पाणी. इंदापूरच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक हात पुढे करायचं आणि माझं तोंड बघून विचारायचं, "मावशी, घरात काय झालं का?" काही झालं नाही हो, बांगड्या भरून घ्या! सांगून सांगून जीभ थकली.

शेळगावात मात्र सांगूनही भागलं नाही. नवरीचा चुडा भरायला गेले होते. तिच्या आईचा चुडाही मीच भरलेला. चार बांगड्या चढल्या आणि डोळ्यांना धार लागली. बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीची आई हळूच म्हणाली, "मावशी, शुभकार्यात डोळ्यांत पाणी नगं. ऱ्हाऊ द्या, आमची जाऊ भरंल बाकीच्या."

"अगं, रडत न्हाय मी. औषधाचं पाणी हाय."

"व्हय, पर बघणाऱ्याला काय सांगायचं?"

जावेनं चढवल्या त्याहून जास्त फोडल्या. मी कोपऱ्यात बसून चहा प्यायले आणि आतल्या आत जळत राहिले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती. घरी गेल्यावर थेंबांची बाटली उकिरड्यावर फेकायची, असं एसटीतच ठरवलं.

फेकली नाही, ती अब्बांमुळे. धंदा त्यांचाच, काचबिंदूही त्यांचाच. थेंब झोंबतात म्हणून त्यांनी सोडून दिले आणि हळूहळू नजर गेली. तरी मनगट चाचपून नेमक्या मापाची बांगडी काढायचे. पण नवरी समोर बसली की माझ्याकडे तोंड वळवून दबक्या आवाजात विचारायचे, "हिरव्या कुठल्या गं?" मी हिरवी उचलून त्यांच्या हातात ठेवायचे.

मग चिडूनच बारामतीला डॉक्टरांकडे गेले. तपासून म्हणाले, "डोळे कोरडे पडलेत." इथं पदर भिजतोय आणि हे म्हणतात कोरडे! भांडायच्याच बेतात होते मी. त्यांनी समजावलं, की औषध टिकावं म्हणून थेंबांत जे घालतात, त्यानं काहींचे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि त्या चुरचुरीनंच पाणी सुटतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यांनी तसलं काही न घातलेले थेंब दिले, ओलाव्याचे वेगळे दिले, दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ द्या म्हणाले. आणि मनानं काहीही बंद करायचं नाही, हे दोनदा बजावलं.

आता आग कमी आहे, पण पाणी पुरतं थांबलेलं नाही. परवा भिगवणला चुडा भरताना पुन्हा डोळे भरले. नवरीची आई लगबगीनं पुढे आली. मी पोरीचा हात सोडला नाही.

"रडत न्हाय मी," म्हटलं. "नजर ऱ्हावी म्हणून हे पाणी हाय."

पदरानं डोळे पुसले, आणि कुणालाही न विचारता हिरवी बांगडी उचलली.