आबांचे नव्वद टक्के

माझे सासरे शरच्चंद्र आबा गणितात कच्चे असते तर मी एक शब्द बोलले नसते. पण माणूस हिशोबाला पक्का आणि तरीही चूक, त्याच्याशी वाद घालायचा तरी कसा? मी तर हात टेकले होते.

आबांनी सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात कारकुनीत काढली. कोणतं यंत्र किती चाललं याचे टक्के काढायचे, हे त्यांचं काम. दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवलेले तास ते आधी बाजूला काढत आणि उरलेल्या तासांवर टक्के धरत. बंद ठेवलेल्या यंत्राला दोष कशाचा, असं त्यांचं म्हणणं. यंत्रापुरतं ते ठीकच होतं. पण निवृत्त होऊन नागपुरात आमच्याकडे आल्यावर त्यांनी हीच रीत माझ्या मुलीला लावली.

वेदिका अकरावीत. तिच्या क्लासमध्ये दर रविवारी पन्नास प्रश्नांची चाचणी असते. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत, सोडलं तर शून्य. महिनाअखेरच्या चाचणीत पासष्ट टक्के पडले तरच वरच्या तुकडीत राहता येतं. खाली गेलेली पोरं सहसा खालीच राहतात, हे आम्हा सगळ्या आयांना ठाऊक आहे.

एका रविवारी तिचे सत्तावीस बरोबर आले, तीन चुकले, वीस कोरे. आबांनी चष्मा चढवला.

"तीस सोडवले, सत्तावीस बरोबर. नव्वद टक्के."

"आबा, पेपर पन्नासचा आहे," मी म्हणाले. "चोपन्न होतात."

"जे सोडवलेच नाहीत ते तिच्या माथी काहून मारता, सूनबाई?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर नव्वद झाले. शेजारचे चंपतराव फाटकाशी थांबून मलाच सांगतात, "तुही पोरगी लय हुशार आहे वं सुहासिनी. नव्वद पाडून राहिली." आता सासऱ्यांना मी खोटं पाडू? हो हो करत आत आले आणि कढई जरा जोरातच आपटली.

पुढच्या रविवारी निम्मा पेपर कोरा. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"अगं, चुकलं तर काही कापत नाहीत ना? मग अंदाजाने तरी खूण करायची!"

वेदिका मान खाली घालून म्हणाली, "अंदाज चुकला की आबांचे टक्के घसरतात. ते सगळ्यांना सांगतात ना."

आबा समोरच बसले होते. आता यंत्राचं पुराण सुरू होणार, असं मला वाटलं. झालं नाही. त्यांनी पेपर ओढून घेतला आणि कोऱ्या प्रश्नांवरून बोट फिरवत राहिले.

"हा तर तुले येत होता."

"पूर्ण खात्री नव्हती, आबा."

"माझ्यासाठी सोडला?"

तिने मान डोलावली. मला त्यांचा मनस्वी राग आला होता, आणि तेवढ्यात त्यांची दयाही आली. ती दया मला त्या वेळी नकोच होती.

महिनाअखेरच्या चाचणीला तेच तिला सोडायला गेले. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, एवढंच वाटेत घोकत होते, असं ती सांगत होती. पन्नासही सोडवले. चौतीस बरोबर, सोळा चूक. अडुसष्ट टक्के, तुकडी टिकली.

संध्याकाळी चंपतराव फाटकाशी हजर. "किती पडले गा शरदभाऊ?"

मी दारातच थांबले, वेदिका माझ्या मागे. या खेपेला बाजूला काढायला एकही कोरा प्रश्न नव्हता. आबांच्या रीतीनेही अडुसष्टच येत होते.

"अडुसष्ट," आबा म्हणाले.

"घसरली म्हणा की. मांगच्या बारीले त नव्वद होते."

गल्लीतल्या आपल्या मोठेपणाला आबा किती जपतात, हे मला माहीत आहे. ते काहीतरी पांघरूण घालणार, अशी माझी खात्रीच होती.

"ते नव्वद माझे होते, चंपतराव," आबा म्हणाले. "हे तिचे आहेत."