बत्तिसावा तुकडा

“मॅडम, बत्तिसावा तुकडा कुठी गेला?” प्राचार्यांनी विचारलं. तो मी पर्समध्ये टाकून घरी नेला असावा, असा स्वर.

टेबलावर ड्रॉइंग शीट होती. शीटवर एक वर्तुळ, कडेला सहा ठिपके, आणि प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना रेषांनी जोडलेला. वर्तुळाचे तुकडे झाले होते एकतीस. बाहेर गेटवर फ्लेक्स होता: ‘आमच्या विद्यार्थिनीचा नवा सिद्धांत! सहा खुंटे, बत्तीस भाग!’ खाली पायलचा फोटो. शेजारी प्राचार्यांचा, तिच्या दुप्पट.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात गणित शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी रिन्यूअल, आणि त्यावर प्राचार्यांची सही. पायल माझी बीएस्सीची विद्यार्थिनी. तिच्या घरी मासेमारी, शिंगाड्याचं काम आणि थोडी धानाची शेती. गावची बोडी, म्हणजे लहान तळं, शिंगाड्यासाठी वाटून घेताना काठावर खुंटे ठोकतात आणि पाण्यावरून आरपार दोर ताणतात. पायलला त्यात गणित दिसलं. दोन खुंटे, एक दोर, पाण्याचे दोन भाग. तीन खुंटे एकमेकांना जोडले की चार. चार खुंट्यांचे आठ. पाचांचे सोळा. वर्गात फळ्यावर मांडून ती म्हणाली, “मॅडम, दरवेळी दुप्पट होऊन राह्यलं.”

गणितात याला अटकळ म्हणतात. खरी वाटते, पण कोणी सिद्ध केलेली नसते. सिद्ध झाली की सिद्धांत. न बसणारं एक उदाहरण मिळालं की संपली, बाजूने हजार उदाहरणं असली तरी. मी हे वर्गात सांगत होते तेव्हा प्राचार्य व्हरांड्यातून जात होते. त्यांनी ‘दुप्पट’ ऐकलं, फळ्यावरचे सोळा पाहिले आणि पुढे गेले. त्याच आठवड्यात कॉलेजच्या पाहणीची कमिटी येणार होती. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला.

लहानपणी आमच्या घरी पत्रकं छापली जात. छापलेल्या प्रत्येक शब्दाला आपण जबाबदार, हे मला लिहिता येण्याआधी शिकवलं गेलं. मी पायलला विचारलं, “सहावा खुंटा ठोकून पाहिला?”

“नाई मॅडम. बोडीले पाचच लागते.”

“मग कागदावर ठोक.”

हा सापळा गणितात जुना आहे. मला माहीत होता. पण मी उत्तर सांगितलं असतं तर ते माझं राहिलं असतं.

तिने आधी सहा ठिपके अगदी समान अंतरावर काढले. तीस तुकडे. मधोमध तीन रेषा एकाच जागी भेटत होत्या. तिने एक ठिपका जरासा सरकवला, मध्ये एक इवलासा त्रिकोण उघडला. एकतीस. ठिपके आणखी हलवले. पुन्हा एकतीस.

पायलने तुकडे पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाली, “बाबांनी साऱ्या गावाले त्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. आता लोक म्हणतीन, पोरगी खोटी निंगाली.”

शीट घेऊन मी प्राचार्यांकडे गेले, ती ही वेळ.

“तुमची मोजण्यात चूक असन,” ते म्हणाले. क्लार्क दिवाकरभाऊंना बोलावलं. दिवाकरभाऊंनी चष्मा पुसून पेन्सिलीने टिंबं देत मोजलं. त्यांचे तेहतीस आले.

प्राचार्य खूश झाले. “तुमचे एकतीस, यांचे तेहतीस. सरासरी काढा. बत्तीस!”

“सर, तुकड्यांची सरासरी नसते.”

“मग स्टाफ मीटिंगमध्ये ठराव घेऊन टाकू.”

“यावर मतदानही नसतं.”

“तुमच्या रिन्यूअलवर मात्र माझी सही असते, मॅडम.”

“असू द्या. सहीनंतरही एकतीसच राहतील.”

दिवाकरभाऊंनी पेन्सिल खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पायल आली. “बत्तीस नाई, हे समजलं. पण एकतीसच काऊन?” अटकळ मोडल्यावर खरं काम इथून सुरू होतं.

ती दोर ताणण्यापासून सुरू झाली. दोर नसताना पाणी एकच. नवा दोर ताणला की एक भाग वाढतो. वाटेत तो जितक्या दोरांना ओलांडतो, तितके आणखी वाढतात. म्हणजे एक, अधिक दोर, अधिक फुल्या, म्हणजे दोर एकमेकांना ओलांडतात त्या जागा. सहा खुंट्यांचे दोर पंधरा. एका फुलीला चार खुंटे लागतात, आणि सहांतून चार निवडायच्या रीतीही पंधरा. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. पाच खुंट्यांना एक, दहा आणि पाच, सोळा. दुप्पट हा पाचापर्यंत टिकलेला योगायोग होता.

कमिटी आली. हॉलमध्ये प्राचार्यांनी माइक पायलला दिला. मागच्या रांगेत तिचे बाबा होते, धुतलेल्या शर्टात.

“गेटवर माह्या नावानं बत्तीस लिहिलं आहे,” ती म्हणाली. “ते चूक आहे. दुप्पट होते असं मीच म्हटलं होतं, तेही चूक. काऊन, ते दाखवते.”

प्राचार्य पंख्याकडे बघत राहिले. पायलने फळ्यावर सगळं मांडलं. कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, “सात खुंट्यांचे किती?”

“एक, एकवीस, पस्तीस. सत्तावन्न.”

अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि वर्तुळ काढलं. जेवणाची घंटा झाली तरी ते मोजत होते. सत्तावन्न आले, तेव्हाच उठले.

बाहेर पायलच्या बाबांनी मला गाठलं. “मॅडम, पोरीनं आपलीच गोष्ट खोटी पाडली ना?”

“हो भाऊ. आणि खरी काय ते सिद्धही केलं.”

“मंग गावात तसंच सांगतो.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तो फ्लेक्स कोणाले लागते का आता?”

फ्लेक्स सध्या पावसापासून आडोसा म्हणून त्यांच्या धानाच्या पुंजन्यावर, म्हणजे कापून रचलेल्या गंजीवर आहे, छापील बाजू आत. माझ्या रिन्यूअलवर सही झालेली नाही. प्राचार्यांनी मात्र नव्या फ्लेक्सची ऑर्डर द्यायला सांगितली: ‘सहा खुंटे, एकतीस भाग!’ फोटोंचा आकार तोच. छपाईआधी दिवाकरभाऊंचा मला फोन आला.

“मॅडम, हे सिद्ध झालं आहे ना? का पुन्हा नुसतं वाटून राह्यलं?”

हाच प्रश्न पहिल्या फ्लेक्सआधी विचारला असता, तर एक फ्लेक्स वाचला असता. पण मग पुंजनं भिजलं असतं.