आखाडीच्या ताटात मासा नव्हता

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा सभेहून येताना खिशात घडी करून आणत आणि मी ती चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचत असे. सरकारी कायदा गरिबाच्याच पाठीवर पडतो, हे मला त्यातूनच पाठ झालं होतं. एका कायद्यानं मात्र माझी मान उंच केली.

मोर्शीकडचा आमचा तलाव आधी ठेकेदाराकडे होता. त्याच्या बारीक जाळ्यातून बोटभर पिल्लूही सुटत नसे, आणि आम्ही भोई त्याचे मजूर. मग मत्स्यव्यवसाय खात्यानं तलाव आम्हा भोयांच्या सोसायटीला दिला. अटी घालून दिला: जाळ्याच्या डोळ्यातून दोन बोटं आरपार गेली पाहिजेत, आणि मासे अंडी घालतात त्या पावसाळी महिन्यांत पाण्याला जाळं लावायचं नाही. खातं दरसाल रोहू-कतल्याची पिल्लं सोडी. अट मोडली की तलाव पुन्हा ठेकेदाराकडे. बाबा सोसायटीचे अध्यक्ष होते.

बंदीतच आखाडीचा सण आला, आणि ताईचे होणारे सासरे बाळापूरकडून जेवायला आले. भोयाच्या घरी इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, ताटात मासा नाही, म्हणजे सोयरीक नको असल्याचा निरोपच. आईनं वरण, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ताई दाराआड उभी होती.

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. "इवाई, तलाव आटला का जी?"

"तुडुंब हाये," बाबा म्हणाले.

"मंग मासोळी माहेरी गेली काय?"

"बाळंतपणाले बसली हाये."

"आमी काई गळ्यात माळ नाई घातली. एक जाळं टाकलं तं कोनता साहेब पाहून राहिला?"

"साहेब अमरावतीले हाये. मी अठी हावो."

सासरे ताटावरून उठले आणि तडक तलावाकडे निघाले. मागे बाबा, त्यांच्यामागे मी. ओढा तलावाला मिळतो तिथं मासे धारेवर चढत होते, पोटं फुगलेली, पाठी पाण्याबाहेर. नुसता हात घातला तरी सापडले असते. काठावर माझा काका काठी घेऊन बसला होता. हा पहारा सरकारनं लावलेला नव्हता. सोसायटीची माणसं आळीपाळीनं, बिनपगारी बसत.

सासऱ्यांनी धोतर खोचलं. काकानं काठी आडवी धरली. "पावने, पाय धुवा, पन हात नका घालू."

मोडलं ताईचं लग्न, मला वाटलं. बाबांनाही वाटलं असणार, त्यांचा चेहरा उतरला होता. पण काठी बाजूला घे, असं ते काकाला म्हणाले नाहीत.

सासऱ्यांनी चढणाऱ्या माशांकडे पाहिलं आणि खोचलेलं धोतर सोडलं. मग काकाच्या शेजारी बसले. "आमच्या डोहात असेच चढत. आमी टोपले भरू भरू नेले. आता बेंडकं मोजून राहिलो."

घरी परतून त्यांनी गार भाकरी वरणात कुस्करली. "पोरगी आमची. पन लगनाले मासोळी पाह्यजे, हां!"

"जाळं तुमीच टाकजा," बाबा म्हणाले.

लग्न हिवाळ्यात झालं, जाळं त्यांनीच टाकलं. ओढताना डोळ्यांतून पिल्लं भराभर निसटली तसे त्यांच्याकडचे वऱ्हाडी ओरडले, "अरे, गेले, गेले!"

"जाऊ द्या," सासरे म्हणाले, "नातवाच्या बारशापावतर मोठे होतीन."

पंगतीत खात्याचे साहेबही बसले होते. पण रोहूचं पहिलं ताट काकासमोर गेलं, आणि ते मी वाढलं.