बाकावरचा एमेट होलुब

माझा मेहुणा एमेट होलुब तेरा वर्षं पगारी फुटबॉल खेळला, असं आमच्या लिपनिक गावात सांगतात. खरं म्हणजे तेरा वर्षं तो खेळायच्या तयारीत होता.

आम्ही टेक्सासमधली, मूळची चेक देशाकडची माणसं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावात चोराने खुशाल घरफोडी करावी, कारण घरात कुणीच नसतं; सगळं गाव शाळेच्या मैदानावर. त्या मैदानावर एमेट राजा होता. क्वार्टरबॅक. आमच्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हाताने फेकतात; प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू व्हायचा आणि चेंडू कुणाकडे जाणार हे तोच ठरवायचा. लांबवर पळणाऱ्या गड्याच्या छातीशी चेंडू असा पोचवायचा, की जणू चालत जाऊन हातात ठेवला. माझी बहीण डार्ला त्याच्यावर भाळली ती तिथेच.

पुढे कॉलेज, लग्न आणि मग मोठे, पगारी संघ. तिथली गोम अशी की मैदानात क्वार्टरबॅक एकच लागतो. तो धडधाकट आहे तोवर दुसऱ्याने टोपी घालून बाकाजवळ उभं राहायचं, डोळ्यांत तेल घालून खेळ बघायचा आणि अंग गरम ठेवायचं. एमेट तो दुसरा होता. कधीकधी तिसरा.

संघ बदलायची रीत ठरलेली. सकाळी सरावाला गेलं की दाराशी एक माणूस उभा असायचा. "होलुब, साहेबांनी बोलावलंय. बाड घेऊन ये." बाड म्हणजे संघाच्या सगळ्या डावांचं जाडजूड पुस्तक. ते परत मागितलं की समजायचं, चंबूगबाळं आवरा. मग मला फोन. माझा मालवाहतुकीचा ट्रक होता.

"अल्विन, गाडी मोकळी आहे का?"

"आता कुठं?"

"बफेलो."

"अरे, तिथं गुडघाभर बर्फ पडतो!"

"पडू दे. खेळवलं तर उघडा खेळेन."

बफेलोहून टँपा, टँपाहून डेन्व्हर, मध्येच एक उन्हाळा कॅनडात. एकदा तर एका नव्या स्पर्धेत गेला, तर ती स्पर्धाच अर्ध्यात गुंडाळली. डार्ला सगळी खोकी कधी उघडायचीच नाही. "ते राहू दे बांधलेलं," म्हणायची, "परत कोण बांधत बसणार?" माझी भाची जोसी सात वर्षांची असेल. ट्रकमध्ये माझ्या आणि एमेटच्या मध्ये बसली होती. छत्री न्यायची का विचारावं तसं तिने विचारलं, "मामा, या शाळेत मैत्रीण करू की राहू दे?"

मी एमेटकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याची बोटं मांडीवर चाललेली, चेंडूची शिवण चाचपावी तशी. ती बोटं कधी थांबायचीच नाहीत. सुट्टीत गावी आला की एका जागी ठरायचा नाही. आमचं गवत कापून झालं की शेजाऱ्याचं, शेजाऱ्याचं झालं की चर्चचं. जेवताना मोज्यांची गुंडाळी करून स्वयंपाकघरापलीकडच्या बादलीत फेकायचा. डार्ला ओरडायची, "बस की रे जरा! खुर्ची काय चावते तुला?"

गावातल्या सॉसेजच्या दुकानात म्हातारा शिप्टाक त्याची वाटच बघत असायचा.

"काय एमेट, यंदा कुठल्या गावची टोपी?"

"डेन्व्हरची, मिस्टर शिप्टाक."

"टोपी झ्याक आहे. विजारीला चिखलबिखल लागला का कधी?"

दुकान खदखदून हसायचं. एमेटही हसायचा. पण ताटातलं सॉसेज अर्धं तसंच राहायचं.

एका उन्हाळ्यात चर्चच्या सहभोजनाला त्याच्या शाळेचा जुना संघ जमला. रूडी माखाला काठी टेकत आला. शाळेत एमेटला कुणी पाडू नये म्हणून त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहायचा तो. आता त्याचे दोन्ही गुडघे गेलेले. बिअर पोटात गेल्यावर एकेकाने आपापले व्रण दाखवायला सुरुवात केली. कुणाची पाठ, कुणाचा घोटा, कुणाचं वाकडं बोट. रूडी म्हणाला, "दाखव की एमेट! तू तर मोठ्या लोकांत खेळतोस." एमेटकडे दाखवायला काही नव्हतं. तो उठला आणि खुर्च्या आवरायला लागला, लोक अजून बसलेले असताना.

परतताना गाडीत मला म्हणाला, "माझं काहीच मोडलेलं नाही, अल्विन. एक बोटसुद्धा नाही."

"मग देवाचे आभार मान, लेका."

"तुझा ट्रक इतकी वर्षं रोज धुऊन-पुसून दारात उभा ठेवावा लागला असता, तर तू मानले असतेस?"



जोसी मोठ्या शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा डार्लाने पाय रोवला. लिपनिकमध्ये घर घेतलं, सगळी खोकी उघडली. गावच्या शाळेने एमेटला प्रशिक्षक नेमलं. तो मुलांना छान शिकवायचा, पण सामना चालू असताना रेषेवरून इतका येरझारा घालायचा की तिथलं गवत उगवेनासं झालं.

डिसेंबरात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवत होतो आणि फोन वाजला. उत्तरेला ओहायोतल्या, सरोवराकाठच्या एका शहरातला संघ. त्यांचा दुसरा आणि तिसरा, दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी. त्यांच्या प्रशिक्षकाचे डाव आधीपासून पाठ असलेला माणूस हवा होता, आणि एमेट पूर्वी त्याच्याच हाताखाली होता. डार्ला बटाट्याचं भांडं हातात घेऊन उभी. "नाही म्हण," ती हळूच म्हणाली.

एमेट फोनमध्ये म्हणाला, "उद्या पोचतो."

भांडं टेबलावर आदळलं. "अरे, पोरीला आत्ता कुठं दोन मैत्रिणी झाल्यात!"

"हंगामाचे दोनच आठवडे उरलेत, डार्ला."

"तुझे दोन आठवडे मला ठाऊक आहेत. या वेळी मी काडीसुद्धा हलवणार नाही. जायचं तर एकटा जा."

तो एक पिशवी घेऊन गेला.

पुढच्या रविवारी आम्ही टीव्हीपुढे बसलो. न बोलावता शिप्टाकही आला. डार्ला स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. अर्धा सामना व्हायच्या आधीच त्यांचा पहिला क्वार्टरबॅक लंगडत बाहेर गेला आणि एमेटने टोपी काढून शिरस्त्राण चढवलं. समालोचक म्हणाला, "हा कोण... होलंब?"

"होलुब!" जोसी टीव्हीवर ओरडली.

पहिली फेक जमिनीत गेली. दुसरी थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. शिप्टाकने कपाळ धरलं. "टोपीच बरी होती रे बाबा." पण तिसरी पोचली. मग चौथी. त्याचे पाय हलके पडायला लागले, आणि मला ते शाळेचं मैदान दिसायला लागलं. डार्ला दारात येऊन उभी राहिली, मग सोफ्याच्या हातावर टेकली, मग जोसीचा हात धरला.

शेवटच्या मिनिटाला ते चार गुणांनी मागे होते. एमेटने चेंडू घेतला, मागे सरकला, थांबला. समोरून एक आडदांड गडी सुसाट येत होता. एमेटला तो दिसत होता. आम्हाला दिसत होतं की त्याला दिसतोय. चेंडू मैदानाबाहेर भिरकावून दिला असता तर वाचला असता. पण ज्याला चेंडू द्यायचा तो त्याचा गडी अजून मोकळा झाला नव्हता. तो आणखी थांबला. मग फेकलं, आणि त्याच क्षणी तो माणूस भिंत कोसळावी तसा त्याच्यावर आला.

चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे त्या गड्याच्या हातात पोचला; सहा गुण. सामना जिंकला. तो संघ तरीही तक्त्यात तळाशीच राहिला, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. "अल्विन, मोडलं!" तो हसत होता.

"काय मोडलं?"

"गळ्याखालचं हाड! दोन तुकडे!"

डार्लाने फोन हिसकावला. "गाढवा! मूर्खा! दुखतंय का?"

"खूप!" तो इतका खुशीत ओरडला की मला लांबून ऐकू आलं. डार्ला रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक.

त्याला आणायला मी ट्रक घेऊन गेलो. ओहायोपासून अर्कान्सासपर्यंत तो फक्त त्या एका फेकीबद्दल बोलला. वारा कुठून होता, पाय कुठे होता.

"खाली पडलो तेव्हा वाटलं," तो म्हणाला, "झालं. आता निवांत बसता येईल."

"मग?"

"आता वाटतंय, हाड जुळायला किती दिवस लागत असतील?"

हाड जुळलं, पण फोन पुन्हा आला नाही. शाळेनेही मधल्या काळात दुसरा माणूस घेतला होता. वर्षभर तो घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरला. डार्ला म्हणाली, "एकतर तू वेडा होशील नाहीतर मी." तिनेच त्याला पंचांच्या परीक्षेला बसवलं. आता तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून, गळ्यात शिट्टी अडकवून दर शुक्रवारी वेगळ्या गावाच्या मैदानावर धावतो. लोक शिव्या देतात. तो म्हणतो, निदान मला बघून तरी देतात.

डार्ला कधी सोबत जाते, कधी नाही. त्यांचं बरं चाललंय, असं मी म्हणेन; तिला विचारलं तर म्हणते, "विचार मला शनिवारी."

गेल्या आठवड्यात तो माझ्या दारात येऊन थांबला, गाडी चालूच.

"येतोस?"

"सामना कुठं आहे?"

"दोन-तीन तासांवर. वाटेत सांगतो."

"आधी गाडी बंद कर. कॉफी घे."

त्याने गाडी बंद केली नाही. कॉफी मात्र घेतली, उभ्याउभ्याच, गरम असतानाच.